एम6 आणि एम8 चे टॅप कोणते घ्यावेत? (बजेट 600)

उद्यमनगरकर: नमस्कार मंडळी. घरी 6 आणि 8 मिमी बोल्टसाठी भोकात टॅपने (आटे पाडायचं हत्यार) हातानेच आटे पाडायचे आहेत, मशीन नाही. 10 मिमी एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) प्लेटला आरपार भोकं आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात 15 मिमी खोल बंद भोकं. ऑनलाइन 450 ला 20 नगांचा डबा दिसतोय. घेऊ का?

जुना_फिटर: डबा नको. त्यातले बहुतेक टॅप कार्बन स्टीलचे. धार लवकर जाते, मग माणूस जोर लावतो आणि टॅप भोकात मोडतो. एचएसएसचा (हाय स्पीड स्टील) तीन नगांचा हँड टॅप सेट घे. बंद भोकात तिसऱ्याशिवाय तळापर्यंत आटे जात नाहीत.

भोसरीचा_भाऊ: आमच्या शॉपवर बंद भोकाला स्पायरल फ्लूट (पिळदार खाचांचा) टॅप, चूर वर ओढून घेतो. आरपारला गन टॅप, चूर पुढे ढकलतो. कोटिंगवाले घ्या, एकदाच काय ते पैसे जातील.

जुना_फिटर: @भाऊ, बजेट वाचलंत का? आणि मशीनही नाही त्याच्याकडे.

भोसरीचा_भाऊ: मग मशीन घ्यावं.

वऱ्हाडी_ठेचा: एमके घ्या, नागपूरची कंपनी आहे. आमच्या गावची म्हणून सांगत नाही. (म्हणूनच सांगतोय.)

आयटीआय_बॅकबेंचर: ड्रिलबद्दल कोणीच बोललं नाही! ड्रिल म्हणजे आट्याचा बाहेरचा व्यास वजा पिच (दोन आट्यांमधलं अंतर). एम6 चा पिच 1, म्हणून 5 चं ड्रिल. एम8 चा 1.25, म्हणून 6.75, बाजारात 6.8 मिळतं. निम्मे टॅप बारीक भोकामुळे मोडतात, ब्रँडमुळे नाही. बंद भोक आट्यांपेक्षा 4-5 मिमी जास्त खोल मारा, चूर बसायला जागा हवी.

देवगड_हापूस: तेल कुठलं घालता? मी खोबरेल घालतो, आजवर तक्रार नाही.

जुना_फिटर: ॲल्युमिनियमला रॉकेल. एमएसला कटिंग ऑइल. बीड (ओतीव लोखंड) असेल तर कोरडंच.

देवगड_हापूस: रॉकेल आता मिळतं कुठे? खोबरेल घरात असतं.

वऱ्हाडी_ठेचा: झाला धाग्याचा काश्मीर, आता हा वाद मिटत नाही.

ठाण्याची_ताई: वरचे प्रतिसाद न वाचता लिहिते. डबा घेऊ नका, एचएसएस घ्या. माझा डब्यातला एम6 ॲल्युमिनियममध्येच मोडला. स्पार्कवाल्याने (विजेच्या ठिणगीने मोडका टॅप काढून देणारा) ठोकळ्याच्या किमतीपेक्षा जास्त सांगितले. शेवटी जुन्या पातेल्यात तुरटीचं पाणी करून ठोकळा त्यात मंद आचेवर दिवसभर ठेवला. टॅप विरघळला, ॲल्युमिनियम शाबूत. एमएसवर हा उपाय चालणार नाही, प्लेटही खाल्ली जाईल.

भोसरीचा_भाऊ: तुरटी?? काहीही.

आयटीआय_बॅकबेंचर: काहीही नाही, घड्याळजी मोडलेले स्क्रू असेच काढतात. @उद्यमनगरकर, टॅप काटकोनात धरा. पहिले दोन फेरे झाले की गुण्या लावून बघा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अडकला तर जोर नको, काढून साफ करा.

मुंबईचा_मामा: मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, सुटा टॅपही देतात.

भोसरीचा_भाऊ: तो कोल्हापूरचा आहे हो मामा.

उद्यमनगरकर: सर्वांचे आभार. काल रात्री डबा मागवून टाकला, ऑफर संपत होती. त्यात टॅप हँडलही आहे. 6.8 चं ड्रिल मात्र घरात नाही, 7 चालेल का?

जुना_फिटर: आटे उथळ होतील. 6.8 आण.

ठाण्याची_ताई: आणि तुरटी.