स्कॅनरला न दिसलेली पावती

महागडं सर्टिफिकेट आणि पुण्या-बंगळुरूचं तिकीट, या दोन्हींशिवाय वेब सिक्युरिटीत, म्हणजे वेबसाइटमधल्या त्रुटी शोधायच्या कामात, शिरता येत नाही, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. नोकऱ्या तिकडे जास्त, हे मान्य. पण शिकायला इंदूर सोडावं लागत नाही. पोर्टस्विगर कंपनीच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीच्या ऑनलाइन सरावाच्या लॅब मी रामबागेतल्या घरी बसून सोडवल्या, त्या फुकट आहेत.

चर्चा सगळी टूलांवर चाललीय, म्हणून हे सांगतो. माझं पहिलं पगारी काम इथल्याच एका क्लासची फी भरायची साइट तपासण्याचं होतं. स्कॅनर, म्हणजे त्रुटी आपोआप शोधणारं टूल, रात्रभर चालवला, गंभीर काही निघालं नाही. सकाळी मी पावतीच्या लिंकमधला आकडा १ ने वाढवला आणि दुसऱ्याच मुलाची पावती उघडली, वडिलांच्या मोबाइल नंबरासकट! हात थरथरले होते माझे. सर्व्हर फक्त लॉगिन आहे का एवढं बघत होता, ही पावती याचीच का हे विचारतच नव्हता. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या सर्वांत मोठ्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर आलेलं ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल (ज्याचा हक्क नाही त्यालाही माहिती उघडता येणं) ते हेच. पान नीट उघडलं की स्कॅनर पुढे जातो; पावती कुणाची, हे त्याला कसं कळणार? (लेखी परवानगी खिशात होती म्हणून बरं. तिच्याशिवाय तोच आकडा बदलला तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं, ३ वर्षांपर्यंत कैद.) डेव्हलपरने पावती देण्याआधी विद्यार्थ्याचा आयडी सेशनशी, म्हणजे त्या वेळी लॉगिन असलेल्या माणसाशी, ताडून बघायच्या चार ओळी त्याच संध्याकाळी घातल्या.