एपीआयकडून एरर कोड आल्यावर रिक्वेस्ट पुन्हा केव्हा पाठवावी?

प्रश्न:
नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याच्या ऑर्डर सॉफ्टवेअरचे काम माझ्याकडे आहे. माल तयार झाला की पार्सलची नोंदणी वाहतूक कंपनीच्या एपीआयवर (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याची सोय) पोस्ट रिक्वेस्टने (नवी नोंद करण्यासाठी पाठवलेली विनंती) होते. उत्तरात कधी ४२२, कधी ४२९, तर गर्दीच्या वेळी ५०४ येतो. कोणताही एरर आला की प्रोग्राम तीच रिक्वेस्ट लगेच पुन्हा पाठवतो. मात्र नुकत्याच एका पार्सलच्या दोन नोंदी होऊन दोन्हींचे भाडे लागले. पुन्हा प्रयत्न नेमका कोणत्या कोडवर करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
४०० च्या मालिकेतील कोड पाठवणाऱ्याच्या बाजूची अडचण सांगतात, ५०० च्या मालिकेतील सर्व्हरच्या बाजूची. ४२२ म्हणजे जेसनची (माहिती पाठवण्याचा ठरलेला साचा) रचना सर्व्हरला कळली, पण मजकूर नियमांत बसला नाही. उदाहरणार्थ, पिनकोड ४१३००६ ऐवजी ४१३०० असा गेला. अशी रिक्वेस्ट कितीही वेळा पाठवली तरी उत्तर तेच येणार, म्हणून ती थांबवावी आणि रिस्पॉन्सची बॉडी लॉगमध्ये जपावी, कारण चूक कोणत्या रकान्यात आहे हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. ४२९ (थोड्या वेळात फार रिक्वेस्ट आल्या) मात्र या मालिकेत असूनही पुन्हा पाठवण्याजोगा आहे. सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती थांबावे हे सांगणारी उत्तरासोबतची ओळ) असल्यास तेवढे थांबावे. त्यात सेकंद असतात किंवा पूर्ण तारीख-वेळ, तेव्हा दोन्ही वाचण्याची सोय ठेवावी.

उत्तर २:
दुहेरी नोंदीचे मूळ ५०४ मध्ये असावे. मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आले नाही, एवढेच गेटवे (मधला सर्व्हर) त्यातून कळवतो. नोंद झालीच नाही, असे तो म्हणत नाही. पुट (माहिती ठेवणे वा बदलणे) किंवा डिलीट (काढून टाकणे) रिक्वेस्ट पुन्हा पाठवली तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहावा, असे एचटीटीपीचे (वेबवरील देवाणघेवाणीचे नियम) मानक सांगते. पोस्टबाबत तशी हमी नाही. एपीआयमध्ये आयडेम्पोटन्सी कीची (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखता यावे म्हणून दिलेली खूण) सोय असल्यास प्रत्येक पार्सलसाठी एक की पहिल्या रिक्वेस्टआधीच डेटाबेसमध्ये जतन करावी आणि दर प्रयत्नात तीच पाठवावी. प्रत्येक वेळी नवी की तयार केल्यास सर्व्हरला ती नवी नोंदणीच वाटेल.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. त्यांच्या दस्तऐवजात अशी की नाही, मात्र ऑर्डर क्रमांकाने नोंद शोधता येते. ५०४ नंतर लगेच शोधावे का?

उत्तर २:
लगेच नको, मागचा सर्व्हर तेव्हाही काम करत असू शकतो. वाढत्या अंतराने दोन-तीनदा शोधावे, आणि तरीही नोंद न दिसल्यास पार्सल माणसाने तपासायच्या यादीत टाकावे. भाड्याचा प्रश्न असताना प्रोग्रामने अंदाजाने पोस्ट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.