१९७२ला जिंकलेले ब्रिटिश खाणकामगार १९८४-८५ला का हरले?

प्रश्न
१९७२मध्ये सात आठवड्यांत सरकार नमलं. १९८४-८५मध्ये वर्षभर संप करूनही कामगार तडजोडीविना परतले. सगळीकडे पंतप्रधान थॅचर विरुद्ध खाणकामगार संघटनेचे नेते स्कारगिल एवढंच वाचायला मिळतं. प्रत्यक्षात काय बदललं होतं? संपाआधी देशभर मतदान न घेणं कितपत भोवलं?

प्रतिसाद १
आधी महिना बघा. १९७२चा संप ९ जानेवारीला, ऐन थंडीत सुरू झाला. १० फेब्रुवारीला संपकऱ्यांनी बर्मिंगहॅमचा सॉल्टली कोक (कोळशापासूनचं इंधन) डेपो बंद पाडला आणि वीजकपात सुरू झाली. १९८४ला मात्र मार्च होता, म्हणजे विजेची मागणी उतरणीला. ती वेळ कामगारांनी निवडलीच नव्हती. १ मार्चला कॉर्टनवूड खाण बंद करण्याचं जाहीर झालं, ६ तारखेला सरकारी कोळसा मंडळाने २० खाणी आणि २०,००० नोकऱ्यांवर कुऱ्हाड घातली. वीजकेंद्रांत साठे आधीच भरलेले होते. तेलावरची केंद्रं जोरात चालवली आणि रेल्वे कामगारांनी कोळसा न्यायला नकार दिला तिथे तो ट्रकने नेला.

प्रतिसाद २
मतदानाचा मुद्दा मोठाच होता. नियम ४३नुसार राष्ट्रीय संपाला देशभर मतदान लागायचं. संघटनेने नियम ४१ वापरला: विभागांनी संप पुकारायचा, केंद्राने मान्यता द्यायची. नॉटिंगहॅमशायर विभागाने स्वतःचं मतदान घेऊन संप नाकारला आणि तिथला कोळसा निघत राहिला. ज्याची खाण बंद होणार नाही त्याने दुसऱ्याची नोकरी मतदानाने का घालवावी, हा संघटनेचा सवाल मला रास्त वाटतो. पण मतदान न घेतल्याने कोर्टाची वाट मोकळी झाली आणि ऑक्टोबरमध्ये निधीवर जप्ती आली. १९९२ला ३१ खाणी बंद करण्याची यादी निघाली, तिच्यात नॉटिंगहॅमशायरच्याही होत्या.

प्रश्नकर्ता
मग जिंकण्याची संधी कधीच नव्हती?

प्रतिसाद ३
होती, ऑक्टोबर १९८४मध्ये. नॅकॉड्स ही डेप्युटींची, म्हणजे खाणीतल्या सुरक्षा पर्यवेक्षकांची संघटना. आपल्याकडे मायनिंग सरदार असतो तसं हे पद. वायू तपासणं, छताचे आधार बघणं ही त्यांची कामं, आणि कायद्याने त्यांच्याशिवाय खाण चालवता येत नव्हती. ते बाहेर पडले असते तर नॉटिंगहॅमशायरही थांबलं असतं. त्यांनी ८० टक्क्यांहून जास्त मतांनी संपाचा कौल दिला, पण खाण बंद करण्याआधी स्वतंत्र पुनरावलोकन होईल एवढ्या आश्वासनावर माघार घेतली. ते पुनरावलोकन कोळसा मंडळावर बंधनकारक नव्हतं. पुढे नॉर्थम्बरलंडची बेट्स खाण चालू ठेवावी अशी शिफारस होऊनही मंडळाने ती बंद केली.