पावसाळ्यातलं येऊर ब्लॅक अँड व्हाइट रोलवर सगळं एकसारखं राखाडी येतंय, काय करावं?

वर्तकनगरचा:
नमस्कार मंडळी. जुना निकॉन एफएम२ आहे, रोल इलफर्ड एचपी५, रविवारी सकाळी ठाण्याच्या येऊरच्या जंगलात जातो. पाऊस सुरू झाल्यापासून जंगल फोटोत येतच नाहीये, म्हणजे डोळ्याला पोपटी, शेवाळी, सागाच्या कोवळ्या पानाचा असे कितीतरी हिरवे दिसतात आणि निगेटिव्हवर सगळे एकाच राखाडीत मिसळून जातात, वर आकाश पांढरंफट्ट. लाल फिल्टर लावला तर झाडं काळी पडली, आकाश होतं तसंच. लॅबवाले म्हणतात स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा, पण मला ते निगेटिव्हमध्येच हवंय, पुढे हाताने प्रिंट करायचेत.

पारसिक_डोंगर:
लाल काढून ठेवा दादा. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि तो फिल्टर लालच तेवढा आत सोडतो, मग झाडी काळी होणारच. आकाश काळं करायला ते मुळात निळं असावं लागतं, ढग पांढरे असतात, त्यांना कुठलाच फिल्टर दाबू शकत नाही. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीच्या हाफ डोम कड्याला लाल फिल्टर लावून आकाश जवळजवळ काळं केलं ते सगळ्यांच्या डोक्यात असतं, पण तिथे उंचावरची कोरडी हवा आणि निळं आकाश होतं. तुम्ही पिवळा-हिरवा लावून बघा, पोपटी पानं उजळतात आणि खोड, कातळ मागे राहतात. आणि आकाश कोरं असेल तर सरळ फ्रेमच्या बाहेर ठेवा. लाल ऑक्टोबरसाठी राखून ठेवा, पाऊस गेला की हवा धुतलेली असते तेव्हा.

खारघर_डार्करूम:
फिल्टरचं बरोबर आहे पण माझ्या मते अर्धंच. फिल्म उजेडातला फरक धरते आणि ढगाळ दिवशी झाडाखाली तो फरकच दोन-तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उरतो, मग कुठलाही फिल्टर लावा निगेटिव्ह सपाटच. म्हणून अशा दिवशीचा अख्खा रोल वेगळा ठेवायचा आणि डेव्हलपिंगचा वेळ २० टक्के वाढवायचा, त्याने कॉन्ट्रास्ट वाढतो. एचपी५ ला डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं धरतात, ते मी १३ करतो. मात्र आपल्याकडे नळाचं पाणी २० अंशांचं कधीच नसतं, आणि गरम पाण्यात तोच वेळ दिला तर रोल भलताच कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा होतो. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नका, तो पातळ होतो, बाटली बर्फाच्या बादलीत ठेवा आणि थर्मामीटर बघत राहा. अगदीच नाही जमलं तर २४ वर करा, वेळ साधारण एक तृतीयांश कमी, पण पाच मिनिटांच्या खाली उतरू नका, डाग पडतात. लॅबला हे सांगून होत नाही हो, घरीच डेव्हलपिंगचा टँक घ्या.

ऐरोली_खाडी:
ओल्या पानांची चमक कुणी बोललंच नाही. पाऊस थांबल्यावर पानावर आकाशाचं पांढरं पडतं आणि निम्मा राखाडीपणा त्याचाच असतो. पोलरायझर (चमक कापणारा फिरता फिल्टर) लावून फिरवा, चमक जाते, पानाचा खरा रंग वर येतो. आणि धुक्यात कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका, तो धुकं राखाडीच करून देणार, एक स्टॉप जास्त द्या.

वर्तकनगरचा:
वा, मस्त माहिती. पण पोलरायझर आणि हिरवा दोन्ही एकावर एक लावले तर दीड-दोन स्टॉप पोलरायझर खाणार, वर हिरव्याचे, मग ४०० च्या (कमी उजेडात चालणाऱ्या) रोलवरही ट्रायपॉड लागेल ना? आणि वाऱ्यात पानं हलणार ते वेगळंच.

खारघर_डार्करूम:
लागेलच, म्हणून दोन्ही एकत्र नकोच. आणि खाडीवाल्यांचा मान राखून सांगतो, पोलरायझर पूर्ण फिरवू नका. सागाचं ओलं पान जवळून बघा, मधल्या शिरेच्या एका बाजूला चमक असते आणि दुसरी बाजू गडद, पानाचा आकार त्या चमकेमुळेच कळतो, ती सगळी पुसली तर पान कागदासारखं चपटं होतं. रंगीत फोटोत चालतं, तिथे हिरवा रंग सांभाळून घेतो, इथे तो नाहीये. निम्मी चमक राहील इतपतच फिरवा आणि उरलेलं काम टँकमध्ये करा. पुढच्या रोलला फिल्टर न लावता फक्त १३ मिनिटं देऊन बघा, आणि निगेटिव्हचा फोटो इथे टाका.

ऐरोली_खाडी:
ह्यावर मी वाद घालणार नाही, निम्मं म्हणजे निम्मं. पण टाकाच फोटो.