बोर्डावर ६०, गाडीत २९: नाशकात चार्जर मोठे हवेत की जास्त?

कसारा_चढून: रविवारी इलेक्ट्रिक गाडीनं मुंबईहून आलो. घाट चढून बॅटरी १२ टक्क्यांवर. पाथर्डी फाट्याजवळ चार्जरची गन (गाडीत खुपसायचं टोक) लावली, बोर्डावर ६० किलोवॅट, स्क्रीनवर ५२. ठीक. तेवढ्यात शेजारी दुसरी गाडी लागली आणि आकडा धाडकन २९! ४० युनिटची बॅटरी, ८० टक्क्यांपर्यंत २७ युनिट. अर्ध्या तासाच्या कामाला तास गेला. ही फसवणूकच. त्यापेक्षा मुंबई नाका, आडगाव, सिन्नर अशा मोजक्या जागी २४० किलोवॅटचे चार्जर लावा.

सातपूरचा_वायरमन: फसवणूक कसली भाऊ? आत पॉवर मॉड्यूल (वीज पुरवणारे डबे) तेवढेच, गन दोन. दोघं आले की वाटणी होणारच. आणि २४० म्हणजे काय ते बघा: चार्जरमध्ये पाचेक टक्के उष्णतेत जातात, म्हणजे लाइनवरून २५० च्या वर ओढणार. ३१५ केव्हीएचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीची केबल, वर दर महिन्याचा डिमांड चार्ज (लोडवरचा आकार), गाडी येवो न येवो. मंगळवारी दुपारी येतं कोण तिथे? ३० चे आठ लावा.

कसारा_चढून: आठ त्रिक किती हो? २४०च ना!

सातपूरचा_वायरमन: एका जागी कोण म्हणतंय? आठ हॉटेलांच्या आवारात, आठ वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर. जिथे लोड शिल्लक आहे तिथेच. शिवाय तुमची गाडी तरी २४० घेणार आहे का? बॅटरी मागेल तेवढंच जातं, ८० टक्क्यांच्या पुढे तर तेही आटतं.

गंगापूर_रोड: आजच्या गाड्या बघून वायरी टाकू नका. महिंद्राची बीई ६ मोठ्या बॅटरीत १७० च्या पुढे घेते. २०२७ च्या सिंहस्थात हायवेवर रांगा लागतील तेव्हा हॉटेलातले ३० चे चार्जर पुरणार? केबल एकदाच टाका, मोठी टाका. मॉड्यूल नंतर वाढवता येतात. (एवढं मात्र वायरमनदादाही मान्य करतील.)

सातपूरचा_वायरमन: केबलचं मान्य. खर्च कोण करणार ते सांगा.

द्राक्षबाग_दिंडोरी: तुमची अर्धा तास की तास अशी भांडणं. आमच्या मोटारीला आठ तास वीज, तीही पाळीनं. रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, ती हातातली बॅटरी.

गंगापूर_रोड: दादा, शेतीचा फीडर (सबस्टेशनवरून निघणारी लाइन) वेगळा असतो. चार्जर बंद ठेवले म्हणून तुमची पाळी बदलणार नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी: फीडर वेगळा, सबस्टेशन तेच ना?

कसारा_चढून: आज परत तिथूनच आलो. दुसऱ्या गनला चिकटपट्टी लावून 'बंद' लिहिलंय. एकट्याला ५४ मिळाले.