पिकलेल्या लाल मिरच्यांचा टिकाऊ सॉस कसा करायचा?

गच्चीवरचा_माळी:
मंडळी, गच्चीवर ज्वाला आणि लवंगी लावल्यात, शिवाय मित्राने दिलेल्या बियांचं भूत जोलोकियाचं एक झाड आहे आणि यंदा सगळं एकदमच लाल झालंय. ठेचा करून झाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून झाल्या, आता लोक लिफ्टमध्ये मला बघून दुसरीकडे बघतात 😅 म्हणून टबॅस्कोसारखा पातळ आंबट सॉस करायचा विचार आहे. मिरच्या व्हिनेगरमध्ये उकळून मिक्सरला लावल्या तर चालतं का आंबवायलाच लागतात? मीठ किती? आणि विषबाधा वगैरे होणार नाही ना, हे बायको विचारतेय. फ्रिजबाहेर टिकला तर सोन्याहून पिवळं.

लवंगी_फटाका:
उकळून केलेला सॉस तासाभरात होतो पण कच्चट लागतो आणि व्हिनेगरच पुढे पुढे करतं. आंबवलेल्याची मजाच वेगळी. टबॅस्को 1868 पासून अमेरिकेतल्या लुइझियानाच्या एव्हरी आयलंडवर बनतो, त्यात मिरची, मीठ, व्हिनेगर एवढंच असतं, पण वाटलेली मिरची ओकच्या पिंपात 3 वर्षांपर्यंत मुरवतात. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही.
देठं काढा, मिरच्या धुवा, जाडसर वाटा आणि वजनाच्या 3 टक्के मीठ घाला, म्हणजे अर्ध्या किलोला 15 ग्रॅम. इथे हाताचा अंदाज नको, काटाच वापरा. काचेची बरणी पाऊणच भरा कारण मिश्रण वर येतं, झाकण सैल ठेवा, रोज स्वच्छ चमच्याने खाली दाबा. एकदोन दिवसांत इडलीच्या पिठासारखे बुडबुडे येतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठदहा दिवस, थंडीत दोनतीन आठवडे. बुडबुडे थांबले आणि वास छान आंबट आला की गाळा, चवीनुसार व्हिनेगर घाला.

सुगरण_नाशिक:
एवढा खटाटोप कशाला रे दादा, लसूण आणि मिरची वाटायची, वर चांगलं बोटभर तेल ओतायचं, लोणच्यासारखं वर्षभर राहतं.

लवंगी_फटाका:
काकू, लोणचं टिकतं ते भरपूर मीठ आणि कैरीलिंबाच्या आंबटपणावर. नुसता कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला तर हवा लागत नाही आणि आंबटपणाही नाही, बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना नेमकं तेच हवं असतं. तसा ठेचा करायचा तर फ्रिजमध्ये ठेवून चारपाच दिवसांत संपवायचा. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असला की तो जंतू वाढत नाही. आपण 4 च्या खाली आणायचा, तो मोजायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, पण लाल सॉसमध्ये रंग नीट कळत नाही, मीटर असेल तर उत्तम.

डोंबिवली_टू_डॅलस:
ज्वाला पातळ सालीची, नुसत्या तिचा सॉस पाण्यासारखा होतो. थोडं गाजर किंवा लाल ढोबळी मिरची आंबवतानाच घाला (मीठ मग सगळ्याच्या एकत्र वजनावर), अंग येतं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या मारी शार्प्स कंपनीचा हबानेरो मिरचीचा सॉस गाजर घालूनच केलेला असतो, इथे मी तोच आणतो.
आणि ते भूत प्रकरण जपून हं! 2007 मध्ये गिनीजने तिची जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंद केली होती, 10 लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. मूळ टबॅस्को जेमतेम 2500 ते 5000. अर्ध्या किलोत एखादीच टाका. हातमोजे घाला, तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो, बियांत नाही, आणि पाण्याने धुतला तरी जात नाही, आधी तेल चोळून मग साबण लावा.

गच्चीवरचा_माळी:
लगेच बरणी भरली होती. आज वर पांढरा पातळ थर आलाय, गेलं का सगळं?

लवंगी_फटाका:
सपाट, पांढरा, कोरड्या सायीसारखा असेल तर ते यीस्ट, काढून टाका आणि मिरच्या पुन्हा खाली दाबा. केसाळ किंवा हिरवंकाळंगुलाबी काही दिसलं तर वरवरचं काढू नका, पूर्ण बरणी फेका.
बाकी, फ्रिजबाहेर ठेवायचा तर पीएच बघून, गाळलेला सॉस चांगला उकळून, गरम असतानाच निर्जंतुक बाटलीत भरा, नाहीतर आत आंबणं चालूच राहतं आणि बूच उडतं. उघडल्यावर मात्र फ्रिज. उकळताना खिडक्या उघड्या ठेवा आणि वहिनींना आधी सांगा, तो ठसका अख्ख्या मजल्याला लागतो.