मळीच्या टाकीवरचा रडार लेव्हल गेज ताळ्यावर येईना – नोझल बदलावा का? मदत हवी आहे

मळीवाला :

नमस्कार मंडळी,

चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. गाळप तोंडावर आलंय आणि मळीच्या टाकीवरचा रडार अजून धड चालत नाही, म्हणून इथं विचारतोय. साखर, डिस्टिलरी किंवा तेलाच्या टाक्यांवर कुणी हे काम केलं असेल तर जरा सविस्तर सांगा. ‘कंपनीला फोन करा’ एवढं मात्र सांगू नका. फोन करून झालाय. त्यांचा माणूस पुण्याहून येतो येतो म्हणत सीझन संपेल.

टाकी एमएसची (साधं पोलाद), व्यास १८ मीटर, शेल म्हणजे उभी भिंत १० मीटर, वर कोन रूफ (शंकूसारखं छत). भरली की साधारण साडेतीन हजार टन मळी बसते. म्हणजे एका सेंटिमीटरला साडेतीन टन! एवढ्यासाठीच ही सगळी धडपड. मळीचा हिशेब एक्साइजच्या रजिस्टरात जातो, तिथं ‘गेज जरा उड्या मारायलंय साहेब’ हे चालत नाही.

रडारच्या आधी डीपी ट्रान्समीटर (तळाच्या दाबावरून पातळी काढणारा) होता. घनता १.४ धरून सेट केलेला. पण मळी गरम आली, तिच्यात हवा कोंडलेली असली की घनता तेवढी राहत नाही, आणि डीपीला बिचाऱ्याला फक्त वजन कळतं, उंची नाही. शिवाय टॅपिंग (त्याची जोडनळी) चोक. त्याच्याही आधी कुणीतरी अल्ट्रासॉनिक लावून बघितलेला. वाफेत आणि गरम हवेत आवाजाचा वेगच बदलतो, त्यामुळं दुपारचा आकडा वेगळा, पहाटेचा वेगळा. शेवटी भरवसा डिप टेपवरच (लंगर लावलेली मोजपट्टी). रात्रपाळीचा माणूस टॉर्च तोंडात धरून जिना चढणार, टेप सोडणार, वर ओढताना मळीची तार वाऱ्यानं त्याच्याच पॅंटवर येणार, मग ओल्या गोणपाटानं टेप पुसत आकडा शोधणार. थंडीत मळी घट्ट झाली की टेपचा लंगर तळाला टेकला की नाही तेच कळत नाही.

आता रडारचं. हा वरून लहरी सोडतो आणि परत आलेल्या इकोवरून अंतर काढतो. २६ गिगाहर्ट्झचा, हॉर्न अँटेना, टू वायर, ४-२० मिलिअँप. गेल्या सीझनच्या शेवटी बसवला. रूफवर एक रिकामा ४ इंची नोझल (उपकरण बसवायचा आखूड पाइप) होता, शेलपासून ६०० मिलिमीटर आत, त्याच्यावर. जवळच आतल्या बाजूला शिडी आहे. कंपनीचा माणूस आला, सेटिंग केलं, मॅपिंग केलं (टाकीत तेव्हा तीनेक मीटर मळी होती), चहा घेतला आणि गेला.

तेव्हापासून असं आहे: टाकी अर्ध्याच्या वर असली की रीडिंग स्थिर, पण डिपपेक्षा ४० सेंटिमीटर कमी. कायम ४०, ना कमी ना जास्त. डिपनं साडेतीन मीटरच्या खाली आली की उड्या सुरू. आणि तीन मीटरच्या आसपास तर ‘इको लॉस्ट’ (इको हरवला) येऊन डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर, अलार्म.

आमच्या चीफसाहेबांचं म्हणणं, हा काढा आणि ८० गिगाहर्ट्झचा घ्या. फिटर म्हणतो, रविवारी गॅस कटर लावून रूफच्या बरोबर मधोमध नवा नोझल मारून देतो, हाय काय नि नाय काय. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही. टाकी आता रिकामी होत आलीय.

निपाणीकर :

आमच्याकडं अजून फ्लोट आणि बाहेर पट्टी आहे. मळीनं फ्लोट अडकला की कामगार हातोड्यानं दोन ठोके घालतो, की चालू. तुमची चर्चा वाचतोय, पुढच्या वर्षी आम्हालाही घ्यायचाय.

घटप्रभाकाठ :

मळीवाला, आधी दोन गोष्टी सांगा. नोझलची उंची किती? आणि गेजमध्ये ‘एम्प्टी डिस्टन्स’ किती भरलंय?

मळीवाला :

नोझल ४०० मिलिमीटर. एम्प्टी डिस्टन्स १०.१ मीटर.

घटप्रभाकाठ :

मग तुमचे ४० सेंटिमीटर सापडले. हा गेज पातळी मोजतच नाही, वरून मळीपर्यंतचं अंतर मोजतो आणि ते एम्प्टी डिस्टन्समधून वजा करतो. ते अंतर धरायचं फ्लॅंजच्या (नोझलच्या वरच्या टोकाची चकती, जिच्यावर गेज बसतो) तोंडापासून, रूफच्या पत्र्यापासून नाही. तुमच्या माणसानं ड्रॉइंगवरून शेलचे १० मीटर आणि रूफचा थोडा चढ धरला, नोझल विसरला. दिसायला ४० सेंटिमीटर, पण तुमच्या टाकीत ते एकशेचाळीस टन होतात. ड्रॉइंगवरून काही भरू नका. फ्लॅंजवरून लंगर सोडून तळापर्यंत प्रत्यक्ष मोजा.

आता उड्या. २६ गिगाहर्ट्झला तुमच्या आकाराच्या हॉर्नचा बीम (लहरींचा झोत) साधारण १० अंशांचा असतो, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ५ अंश. शेल ६०० मिलिमीटरवर. गणित मांडा: फ्लॅंजपासून सातएक मीटर खाली बीम शेलला घासायला लागतो. सात मीटर खाली म्हणजे पातळी किती? साडेतीन! तुमच्या उड्या तिथंच सुरू होतात की नाही? त्यात ती शिडी. प्रत्येक पायरी म्हणजे एक छोटा आरसा. मळी खाली गेली की तिचा इको आणि पायऱ्यांचे इको एकमेकांत मिसळतात, आणि गेज कधी ह्याला धरतो, कधी त्याला.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा बघायला मिळते. मॅपिंग म्हणजे गेजला सांगणं की ‘हे हे इको खोटे, ह्यांच्याकडं लक्ष देऊ नको’. टाकीत मळी असताना करायचं तर मळीच्या थोडं वरपर्यंतच करायचं. तुमच्या माणसानं बहुतेक थेट तळापर्यंतची रेंज दिली, आणि त्या दिवशीची तीन मीटरवरची खरी मळीच खोट्या इकोच्या यादीत गेली. आता पातळी तिथं आली की गेज इमानदारीनं डोळे मिटतो. एन्व्हलप कर्व्ह (गेजला आलेल्या सगळ्या इकोंचा आलेख) काढून बघा, मॅपची रेषा तिथं उंच उठलेली दिसेल.

८० गिगाहर्ट्झचा बीम ४ अंशांच्या आसपास असतो, तो ह्याच नोझलवर शेल चुकवून गेला असता, हे खरं. पण चालू गेज टाकून द्यायचं कारण मला तरी दिसत नाही. जागा बदला. साधा नियम: शेलपासून व्यासाच्या एक षष्ठांश, म्हणजे तुमच्याकडं ३ मीटर. मधोमध मात्र नको. गोल टाकीत आणि कोन रूफखाली मध्यावर इको इकडून तिकडं आपटून पुन्हा पुन्हा येतात. आणि इनलेटच्या, म्हणजे मळी आत येते त्या पाइपच्या, धारेवरही नको.

उद्यमबाग_टर्नर :

फॅब्रिकेशनवाला आहे म्हणून बोलतो. रूफला हात कशाला लावता? रूफवर दुसरा मॅनहोल असेल तर त्याचं कव्हर खोला, खाली आणा, वर्कशॉपमध्ये त्याला भोक पाडून नोझल वेल्ड करा आणि परत बोल्ट मारा. उद्यमबागेत कुठंही अर्ध्या दिवसाचं काम. मॅनहोलची मान उभी असली की कव्हर सपाट बसतं, तरी बसवल्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. नोझल आखूड करायला सांगा, हॉर्नचं तोंड नोझलच्या खाली बाहेर आलं पाहिजे, नाहीतर नोझलचाच इको घ्याल. आणि आतला वेल्ड ग्राइंड करून घ्या. लोक बाहेरून चकाचक करतात आणि आत गाठी ठेवतात.

शहापूरकर :

त्या रविवारच्या गॅस कटरबद्दल कुणी स्पष्ट बोललं नाही, म्हणून मी बोलते. मी सेफ्टीत काम करते. मळी पेट घेत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण रिकाम्या होत आलेल्या टाकीत पावसाचं नाहीतर वाफेचं पाणी पडून वरचा थर पातळ होतो, तो आंबतो, आणि आंबला की अल्कोहोलची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही तयार होतात. वर कटर लावला तर एक धोका, आत माणूस उतरवला तर दुसरा, आणि दुसरा जास्त माणसं मारतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तळाला साचून राहतो. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. लंगर सोडून मोजायचं तेही वरूनच. आत जावंच लागलं तर हवा खेळवून, ऑक्सिजन तपासून, परमिट घेऊन आणि मॅनहोलवर माणूस उभा करूनच. फिटरभाऊंना माझा निरोप सांगा.

मळीवाला :

ताई, निरोप पोचवला. फिटर आधी हसला, मग गप्प झाला.

एन्व्हलप कर्व्ह काढला. घटप्रभाकाठ म्हणाले तसंच आहे, तीन मीटरच्या जागी मॅपची रेषा डोंगरासारखी. फ्लॅंजवरून लंगर सोडला तर १० मीटर ५१ सेंटिमीटर भरलं. इनलेटच्या समोरच्या बाजूला दुसरा मॅनहोल आहे, शेलपासून अडीच मीटर आत, खाली शिडी नाही. तीन नाही पण अडीच चालेल ना? चीफसाहेबांना कव्हरची कल्पना पटली. खर्च वाचला की त्यांना सगळंच पटतं.

अजून दोन शंका. मळी पडताना वर फेस येतो, तेव्हा काय? आणि वळवाच्या विजांत आमची दोन कार्डं गेली होती.

घटप्रभाकाठ :

अडीच चालेल. तळाशी बीमची त्रिज्या मीटरच्याही आत राहते. जागा बदलली की जुनं मॅपिंग पुसा, नवं एम्प्टी डिस्टन्स नव्या फ्लॅंजवरून घ्या, आणि टाकी रिकामी आहे तोवरच नवं मॅपिंग उरका. ही संधी पुन्हा सीझन संपल्यावरच. फ्लॅंजवर खूण असते, ती कंपनीनं सांगितलेल्या दिशेला शेलच्या मानानं ठेवा. खोटा इको राहिलाच तर गेज थोडा थोडा फिरवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं जातो.

फेसावर रडारकडं पक्का इलाज नाही. पातळ फेसातून जातो, दाट फेसाचा कधी माथा दाखवतो, कधी इको गिळला जातो. इनलेट वरून धो धो पडत असेल तर पाइप शेलला लागून खाली न्या, फेसच कमी होईल. डॅम्पिंग (रीडिंग सावकाश बदलायची सेटिंग) वाढवा, मळीची पातळी काही मिनिटामिनिटाला बदलत नाही. एक्साइजचा आकडा मात्र फेस बसल्यावरच घ्या, आणि डिप टेप मोडीत काढू नका.

विजेसाठी दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, गेजपाशी आणि पॅनेलमध्ये. त्याची अर्थिंग तार आखूड आणि टाकीच्या अर्थिंगलाच जोडलेली. केबलची शील्ड दोन्हीकडं अर्थ करायची की एकीकडं, ते तुमच्या पॅनेलवाल्याला विचारा, त्यावर इथं भांडणं होतात.

उद्यमबाग_टर्नर :

कव्हर खोलायच्या आधी कव्हर आणि मान दोन्हीवर पंचनं एकमेकांसमोर खूण मारा. जुन्या टाक्यांची बोल्टची भोकं एकाच दिशेनं जुळतात. आणि गॅस्केट नवीन आणा, जुनं मळीनं चिकटून फाटणारच.